भेंडीचं पाणी

पोपटरावांच्या गुऱ्हाळावर त्या दिवशीचं पहिलंच आधण बिघडलं. काईलभर रस सकाळपासून उकळला, आटला, गार व्हायला वाफ्यात ओतला, आणि उन्हं डोक्यावर आली तरी गूळ काही घट्ट होईना. सर्जेराव गुळव्यानं बोट घातलं तर ते सरळ आत गेलं आणि चिकट तार घेऊन बाहेर आलं. पाटसच्या आसपास गुऱ्हाळं पुष्कळ, पण सर्जेरावाच्या हातचा गूळ फसला असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. म्हातारा पंच्याला बोट पुसत उभा राहिला. चारचौघांत कुणी थोबाडीत मारावी तसं त्याचं तोंड झालं होतं.

असं काही घडलं की गावाकडे आधी कारण शोधत नाहीत, माणूस शोधतात. तो लगेच सापडला.

गौतमी खळ्यात वाकून चिपाडं पसरत होती. रस काढून उरलेली उसाची चिपाडं उन्हात वाळवायची आणि वाळली की भारे करून चुलवणापाशी टाकायची, हे तिचं काम. चुलवणाच्या तोंडाशी बसून ती चिपाडं आत सारायची, जाळ सांभाळायचा, हे तिच्या नवऱ्याचं, विनोदचं. मालकीण कस्तुराबाई चहाची किटली घेऊन आल्या होत्या. त्यांची नजर गौतमीच्या पाठीमागे गेली. साडीवर तांबडा डाग होता.

"गौतमे, तुला काय अक्कल हाय का न्हाई?" कस्तुराबाई तिथूनच ओरडल्या. "पाळीत आलीस व्हय गं गुऱ्हाळावर? तरीच म्हटलं गूळ का बसंना!"

पाळीतल्या बाईची सावली काईलीवर पडली तर गूळ फसतो, असा त्या गुऱ्हाळाचा नियम. कुणी केला ते ठाऊक नाही, पण बायकांनी निमूट पाळला होता.

"काकी, माझी पाळी न्हाई," गौतमी पदर मागे ओढत म्हणाली. "पाळी होऊन पंधरवडा झाला."

"मंग हे काय, कुंकू सांडलंय?"

घाण्यात ऊस लावणारा हौशीराम फिदीफिदी हसला. गौतमीनं चुलवणाकडे पाहिलं. विनोद जाळात बघत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. हातातलं चिपाड तेवढं त्यानं दोनदा मोडलं.

आणि तिला सकाळपासून डोळ्यांसमोर चाललेलं एकदम दिसलं. विनोद सारखा उठत होता. उठायचा, उसाच्या फडाआड जायचा आणि दात आवळून, पाय फाकवत परत यायचा. तो गेला की जाळ पडायचा. "विन्या, जाळ! जाळ बघ की लेका!" म्हणून सर्जेराव घसा फोडत होता. ते ओरडणं सगळ्यांनी ऐकलं होतं. मंद जाळावर रस नुसता शिजत राहतो, नीट आटत नाही आणि मग गूळ फसतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण विनोद बोलला नाही, आणि डाग तर सगळ्यांना दिसत होता.

"जा घरी," सर्जेराव तिच्याकडे न बघता म्हणाला. "चांगली झाल्याबिगर येऊ नको."

गौतमी कमरेभोवती फडकं गुंडाळून निघाली. लाज वाटली, राग तर इतका आला की पायाखालची ढेकळं दिसेनात. पण अर्धी वाट सरली तसा राग मागे पडला आणि तिचं स्वतःचंच बोलणं तिच्या मागे लागलं. माझी पाळी न्हाई. बरोबर. पाळी नाही, मग हे काय?

घरी सासू ताईबाई उंबऱ्यातच बसली होती. तिच्यापुढं पितळी पेला होता. त्यात बुळबुळीत पाणी. रोजच्यासारखं.

गुऱ्हाळावर भेंडीची झाडं मुळासकट ठेचून पाण्यात भिजवतात. ते बुळबुळीत पाणी उकळत्या रसात टाकलं की रसातली सगळी घाण, मळी, फेसाबरोबर वर येते आणि झाऱ्यानं काढून टाकता येते. ताईबाईचं निम्मं आयुष्य गुऱ्हाळांवर गेलेलं. दिवाळीनंतर सुनेच्या अंगावरून पांढरं जायला लागलं, ओटीपोटात दुखायला लागलं, तशी ती म्हणाली होती, "चुलवणाचा ताव लागलाय तुला. अंगात उष्णता झाली. रसातली मळी काढतं ते पाणी, अंगातली न्हाई काढायचं व्हय?" तेव्हापासून रोज एक पेला. म्हातारीनं मायेनंच केलं सगळं. युक्तिवादातही काही खोट नव्हती, फक्त आजाराला तो पटलेला नव्हता.

"लवकर आलीस?" ताईबाई म्हणाली. "पी."

गौतमी पेला हातात घेऊन भिंतीला टेकली. पेल्यातल्या पाण्याकडे बघता बघता तिला विनोदची गेल्या दसऱ्यातली चड्डी आठवली. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद असतं, तेव्हा तो सणसवाडीला एका कंपनीत लागला होता. चार पोरं मिळून एक खोली. दसऱ्याला आला तो लघवीला आग होतेय म्हणून. ताईबाईनं त्यालाही हेच पाणी पाजलं. उन्हाळी लागलीय, दुसरं काय. त्याचे कपडे मात्र गौतमीनं धुतले होते. पुढच्या बाजूला पिवळट, कडक झालेले डाग होते. साबण लावून घासले तरी सहजी जात नव्हते. मग त्यानं कुठल्याशा मेडिकलमधून कॅप्सुला आणल्या, तीन-चार खाल्ल्या, आग थांबली, उरलेल्या कोनाड्यात तशाच पडल्या. भेंडीच्या पाण्याचं नाव झालं. त्यानंतर महिन्याभरानं तिचं पांढरं सुरू झालं.

आधी ते. मग मी. आणि आज परत ते.

तिनं पेला खाली ठेवला.

"आत्या, मी उद्या दौंडला सरकारी दवाखान्यात जाती."

"उष्णतेला कुणी दवाखान्यात जातं व्हय गं?"

"उष्णता असती तर एवढ्या पाण्यानं कवाच इझली असती."

दुसऱ्या दिवशी विनोद गुऱ्हाळावर गेल्यावर ती फाट्यावर जीपमध्ये बसली. जीप खड्ड्यात आदळली की पोटात खालच्या बाजूला कळ यायची. आजपर्यंत ती कळ तिनं सवयीची म्हणून सोडून दिली होती. आज ती प्रत्येक कळ ध्यानात ठेवत होती, डॉक्टरणीला नीट सांगता यावं म्हणून.

डॉक्टरबाई तिच्याहून फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी पडद्याआड झोपवलं, पाय वर घ्यायला सांगितलं. लोखंडाचं थंडगार काहीतरी आत गेलं. गौतमीनं डोळे मिटले नाहीत. वरच्या पंख्याच्या पात्यांवरची धूळ बघत ती श्वास सोडत राहिली. आतून कापसाच्या काडीनं पाणी घेतलं, पोट दाबलं, तेव्हा मात्र तिच्या तोंडून "आई गं" निघालं.

"इथं दुखतं? किती दिवस?"

"दिवाळीपासनं. जवळ आल्यावर बी दुखतं. काल तर पाळी नसताना रक्त गेलं."

"वास?"

"येतो."

"मूलबाळ?"

"न्हाई. चार वर्सं झाली लग्नाला."

बाई हात धुऊन तिच्यासमोर बसल्या. "मालकांना काही त्रास? लघवीला जळजळ, पू, जखम?"

इथं गौतमी अडली. नवऱ्याची झाकलेली गोष्ट परक्या बाईपुढं उघडी करायची म्हणजे आपलंच लुगडं फेडल्यासारखं तिला वाटलं. न्हाई म्हणावं आणि गोळ्या घेऊन जावं, असं क्षणभर मनात आलंही. पण काल तो चुलवणाशी गप्प बसला होता. त्या गप्प बसण्यानं तिची काय शोभा झाली होती ते तिला आठवलं.

"व्हय," ती म्हणाली. "घरात उन्हाळी म्हणतात. पर पू जायचा. डाग मी धुतल्यात, बाई. मधी थांबलं व्हतं, आता परत सुरू झालंय."

"ही उन्हाळी नाही, आणि तुमची उष्णताही नाही. संबंधातून एकाचा दुसऱ्याला लागणारा आजार आहे. त्रास थांबला म्हणजे आजार गेला असं नसतं. त्यांनी अर्धवट औषध घेतलं, तो आत राहिला आणि तुम्हाला लागला. गोळ्यांनी बरा होतो. पण नुसत्या तुमच्या गोळ्यांनी नाही. तुम्ही कितीही खा, ते आले नाहीत तर परत तेच. आणि दोघंही बरी होईपर्यंत एकमेकांपासून लांब राहायचं."

"मला पोर व्हईल का, बाई?"

"ते आज सांगता येत नाही. सूज आत गेलीय. पण जितकं लवकर थांबेल तितकं बरं. अशा आजाराबरोबर दुसरेही असू शकतात, त्यासाठी रक्त तपासू. एचआयव्हीचंही. तुमची तयारी असली तर. भीती वाटतेय?"

"वाटतीया," गौतमी म्हणाली आणि बाही वर सारली. "काढा."

संध्याकाळी विनोद दारातल्या दगडावर हातपाय धूत होता. गौतमीनं पाणी ओतता ओतता सगळं सांगितलं. आजाराचं, गोळ्यांचं, रक्ताचं. रिपोर्ट गुरुवारी मिळणार हेही. शेवटी म्हणाली, "तुमाला बी यायचंय. बघून औषध देणारेत, आन् रक्त घ्यायचंय."

"मला काय धाड भरलीय?"

"काल सकाळपासनं कितींदा उठला?"

"रस जास्त पिला व्हता."

"चार हंगाम रस पिताय. दात खाऊन मुतायला कवा गेला नव्हता."

विनोदनं तिच्या हातातला तांब्या हिसकून अंगणात भिरकावला. "मलाच इचार! आन् तू कुणाकडनं आणलंस, ते मी इचारू का?"

गौतमीच्या कानशिलात आग उसळली. हे येणार, असं तिला जीपमध्येच वाटलं होतं, तरीही लागायचं ते लागलंच. ती तांब्या उचलायला वाकली नाही.

"इचारा. खुशाल इचारा. मी बाईला सगळं खरं सांगून आलेय. आता तुम्ही जाऊन सांगा. जोवर जात न्हाई तोवर माझं अंथरूण येगळं. आज, उद्या, हंगाम संपूस्तर, पुढल्या साली बी. ओरडा न्हाईतर मारा."

आतून ताईबाई बाहेर आली. तिनं पडलेला तांब्या उचलला, पदरानं पुसला.

"विन्या, जीभ आवर," ती म्हणाली. "ती खोटं बोलत न्हाई."

"आये, तू यात पडू नको."

"मी पडलेलीच हाय यात, तुझ्याआधीपास्नं." म्हातारी दगडाशेजारी बसली. "तुझा बाप हंगामाला बाहेर जायचा. आला की उन्हाळी. मग मला पांढरं. तुझ्यामागं दोन पडली माझी. एक पुऱ्या दिवसाचं व्हतं, रडलंच न्हाई. मग काय राहिलंच न्हाई कधी. समद्यांनी म्हटलं उष्णता. मी बी म्हटलं उष्णता, आन् घागरीनं पाणी पिले. मला कुणी दवाखाना दावला न्हाई." तिनं गौतमीकडे बोट केलं. "ही आपल्या पायानं जाऊन आली. हिला आडवलंस तर तुझं माझं नातं न्हाई."

विनोद ओल्या पायांकडे बघत राहिला. आईनं त्या दोन मुलांचं नाव त्याच्यापुढं कधी काढलं नव्हतं. त्याचा आवाज उतरला, पण वाट मात्र त्यानं सोडली नाही.

"ऐन हंगाम हाय. दिवसभर जाळ कोण घालंल? सर्जेराव आप्पा सोडायचा न्हाई मला."

"मी घालते," गौतमी म्हणाली.

सकाळी तिघं गुऱ्हाळावर गेली. ताईबाईच्या हातात रोजचा भेंडीच्या पाण्याचा पेला होता. तिनं तो सर्जेरावाच्या बादलीत रिकामा केला. "हे तुमच्या रसालाच ठेवा, आप्पा. माझ्या सुनंला आता नगं."

गौतमी चुलवणाच्या तोंडाशी जाऊन बसली. कस्तुराबाई लगबगीनं आल्या.

"अगं ए, परवा काय झालं इसरलीस? चुलवणाला बाई, आन् ती बी तू?"

"काकी, मला पाळी न्हाई. आजार हाय. दवाखान्यात दावलंय, गोळ्या चालू हायेत." ती मोठ्यानं बोलली. घाण्यावरच्या हौशीरामालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "आज डाग दिसला तर तो आजाराचा. यांना दौंडला जायचंय. तोवर जाळ मी बघते."

सगळ्यांनी विनोदकडे बघितलं. विनोदनं शर्टाचं वरचं बटण लावलं, काढलं, परत लावलं. ताईबाईनं त्याच्या दंडाला धरलं आणि फाट्याकडे चालवलं.

सर्जेराव काईलीत बघत होता. रस भरला होता, घाणा चालू होता, आणि जाळाला माणूस एकच होतं.

"काईलीला काय दिसतंय कोण बसलंय ते," तो शेवटी म्हणाला. "जाळ पडला न्हाई पायजे. पडला तर मीच उठवीन तुला."

जाळ घालणं लांबून सोपं दिसतं. गौतमी चार वर्षं ते बघत होती, पण बसल्यावर कळलं. चिपाडं जास्त सारली की जाळ गुदमरतो, धूर तोंडावर येतो. कमी सारली की मधेच पोकळी पडते. पहिल्या भाऱ्यालाच तिच्या भुवया करपल्या. चिपाडांच्या धारेनं बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडल्या आणि त्यांत घाम झोंबू लागला. गोळ्यांनी तोंड कडू झालं होतं, मळमळत होतं. ओटीपोटात कळ आली की ती डाव्या हातानं पोट दाबायची, उजव्या हातानं चिपाडं सारायची. पण उठली नाही.

रस उकळायला लागला. मळी वर आली, सर्जेरावानं झाऱ्यानं काढून टाकली. पांढरा फेस पिवळा झाला, पिवळ्याचा तांबूस. वरून काईलीचा आवाज बदलला, रटरट जाऊन गदगद सुरू झालं, तसा म्हातारा ओरडला, "दणक्यात! आता सोडू नको!" आणि तिनं सोडलं नाही. लुगड्याला ठिणगी लागून भोक पडलं, ते तिनं थुंकी लावून विझवलं.

सर्जेरावानं पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला. बोटांत फिरवला. गोळी झाली. त्यानं ती ताटलीवर टाकली तर टण्णकन वाजली.

"उतरवा!"

काईल वाफ्यात रिती झाली. दुपारी ऊन कललं तेव्हा सर्जेरावानं गुळावर बोटानं टिचकी मारली. बोट आत गेलं नाही. पिवळाधमक, कणीदार गूळ होता. कस्तुराबाईंनी बघितलं. किटलीतला पहिला चहा त्यांनी गौतमीपुढं आणून ठेवला. गौतमीनं तो घेतला. त्यांचा राग तिच्या मनात होताच, पण घसा कोरडा पडला होता.

विनोद परत आला तेव्हा दुसऱ्या आधणाचा जाळ चालू होता. ताईबाई घराकडे वळली होती, तो एकटाच आला. उजव्या कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा आणि त्यावर पट्टी होती. दवाखान्यातून निघून इतका वेळ झाला तरी त्यानं हात दुमडूनच ठेवला होता.

"काय म्हणाले?" गौतमीनं जाळावरची नजर न काढता विचारलं.

"बघितलं. समदं." त्याला जरा बोलणं जड गेलं. "गोळ्या दिल्या. एक तिथंच बाईपुढं गिळली. रक्त दिलं. आपलं दोघांचं एकदमच कळंल, गुरुवारी."

"पुऱ्या खायच्या. कोनाड्यात न्हाई ठेवायच्या."

"व्हय."

सर्जेराव वाफ्याजवळून हाक मारत आला. "विन्या, बघ तुझ्या बायकोनं काय गूळ पाडला. आरं, हिनं जाळ घातला तर असा, मग परवा काय धाड भरली व्हती आधणाला?"

म्हाताऱ्यानं कौतुकानंच विचारलं. पण घाण्यावर ऊस लावणारे हात थांबले, आणि कस्तुराबाईही किटली घेऊन थांबल्या. गौतमीनं मान वळवली. ती विनोदकडे नुसतं बघत राहिली. परवा त्यानं जाळात तोंड घातलं होतं, आज जाळाशी ती बसली होती. त्याला बघायला दुसरी जागाच नव्हती.

"आप्पा, आधण माझ्यामुळं बिघडलं," विनोद म्हणाला. आवाज फाटला, तसा त्यानं घसा खाकरून परत सांगितलं. "जाळ माझ्यामुळं पडला. लघवीला आग व्हती, पू जात व्हता, सारखा उठत व्हतो. उन्हाळी न्हाई ती, आजार हाय. सणसवाडीतनं मीच आणला आन् हिला दिला. परवा ही बोलणी खात व्हती तवा मला ठावं व्हतं. मी बोललो न्हाई."

घाण्याचं इंजिन तेवढं धडधडत राहिलं. कस्तुराबाई किटलीचं झाकण उगाच दाबत होत्या. विनोद गौतमीच्या शेजारी बसला आणि भाऱ्यातली चिपाडं सोडवून तिच्या हाताशी ठेवू लागला.

सगळे आपापल्या कामाला लागल्यावर हौशीराम घाण्यावरून खाली उतरला. परवा फिदीफिदी हसलेला तोच. पाणी प्यायचं निमित्त करून तो चुलवणापाशी आला, इकडंतिकडं बघितलं आणि खाली वाकला.

"विन्या, त्यो दवाखाना कवा उघडतो रं?"

विनोद तोंड उघडायच्या आत गौतमीनं चिपाडांचा मोठा पुंजका आत सारला आणि जाळ वर उठला.

"सकाळी," ती म्हणाली. "आन् एकटं जाऊ नका, भाऊजी. बायकूला संगं न्या."